खिलारचे वशिंड, गव्याची पाठ आणि स्पेनचा डायनोसॉर

पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते ती ऐन थंडीत. रथोत्सवाला अफाट गर्दी लोटते, पण बैलवाल्यांचे डोळे लागलेले असतात ते जनावरांच्या बाजाराकडे. माण, खटाव, आटपाडी, सांगोला या कोरड्या पट्ट्यातली खिलार खोंडे दावणीला उभी असतात. पारखी माणूस आधी दात बघतो, मग शिंगांची ठेवण, खूर, शेपटीचा गोंडा, आणि मग त्याचा हात आपोआप वशिंडावर जातो. घट्ट, ताठ वशिंडाचा खोंड म्हणजे अंगाने भरलेला खोंड. आटपाडी तालुक्यात खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेतही हेच चित्र. सातारा आणि सांगली जिल्ह्यांचा पूर्वेकडचा हा दुष्काळी भाग म्हणजे खिलारचे माहेर. या जातीच्या पोटभेदांपैकी दोन तर आटपाडी महाल आणि म्हसवड याच नावांनी ओळखले जातात.

या वशिंडात हाड नसते. मानेच्या मुळापासून खांद्याकडे जाणारा स्नायू आणि त्यात साठलेली चरबी, एवढाच त्याचा ऐवज. बैल मेला, मातीत गेला, की वशिंड उरत नाही. हजारो वर्षांनी कोणी त्याचा सांगाडा खणून काढला तर पाठीवरचा तो डौल त्याला दिसणार नाही. दिसलीच तर एक बारीक खूण दिसेल: पाठीच्या काही मणक्यांवरचे काटे टोकाला दुभंगलेले असतात. उत्खननात निघालेली हाडे वशिंडवाल्या गुरांची आहेत हे पुरातत्त्वज्ञ त्या दुभंगलेल्या टोकांवरून ओळखतात. वशिंड स्वतः मात्र कायमचे गेलेले असते.

स्पेनमध्ये याच्या नेमके उलटे घडले. तिथे हाड उरले आणि वशिंडाचा पत्ता नाही.

सप्टेंबर २०१० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात फ्रान्सिस्को ओर्तेगा, फर्नांडो एस्कासो आणि होसे लुइस सान्झ या शास्त्रज्ञांनी एका मांसाहारी डायनोसॉरचे वर्णन प्रसिद्ध केले. माद्रिदच्या पूर्वेला कुएंका प्रांतात लास होयास नावाचे जीवाश्मस्थळ आहे. तेरा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास तिथे पाणथळ प्रदेश होता, आणि तळाशी साचलेल्या चुन्याच्या बारीक गाळात मासे, कीटक, झाडांची पाने, चिमुकले पक्षी असे सारे दबून राहिले. त्याच गाळात जवळजवळ संपूर्ण अवस्थेत, हाडाला हाड लागून, हा प्राणी निघाला. लांबी सुमारे सहा मीटर. शास्त्रीय नाव कॉन्कावेनेटर कॉर्कोव्हाटस, आणि स्पॅनिश लोकांनी लाडाने ठेवलेले नाव पेपितो. हा कार्कारोडोंटोसॉर कुळातला. या कुळातले अजस्र शिकारी प्रामुख्याने आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतून माहीत होते. युरोपातला हा त्यांचा जुना भाऊबंद.

त्याच्या पाठीने सगळ्यांना बुचकळ्यात टाकले. कमरेच्या अगदी पुढच्या दोन मणक्यांचे काटे बाकीच्या मणक्यांच्या मानाने एकदम उंच उठलेले आहेत. आधीचे मणके साधे, आणि मग अचानक हा त्रिकोणी उंचवटा. लांब काट्यांचे डायनोसॉर तोवर माहीत होते. इजिप्तच्या स्पायनोसॉरसच्या पाठीवर लांबलचक शीड असावे असे १९१५ पासून मानले जात होते, आणि अमेरिकेतल्या ॲक्रोकॅन्थोसॉरसच्या मानेपासून शेपटीपर्यंत उंच काट्यांची रांग होती. पण फक्त दोनच मणक्यांवर, तेही कमरेशी, असा उंचवटा त्याआधी कुणी असा जागच्या जागी पाहिला नव्हता.

हे सातारा-सांगलीच्या माणसाने वाचले की पहिला प्रश्न ठरलेला: आपल्याकडे असे काही सापडेल का? उत्तर रस्त्याच्या कडेलाच आहे. त्यासाठी पुसेगावाहून पश्चिमेला, वाईकडे निघावे लागते.

वाईचे नाव मराठी माणसाला कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभ्या केलेल्या विश्वकोशामुळे माहीत आहे. जगातल्या भूशास्त्रज्ञांना ते वेगळ्या कारणाने माहीत आहे. दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण ज्या लाव्हाच्या थरांनी बनला, त्यांची वर्गवारी १९८० च्या दशकात करण्यात आली, आणि सर्वांत वरच्या थरांच्या समूहाला ‘वाई उपगट’ असे नाव मिळाले. त्यातले थर खालून वर मोजले तर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा आणि देसूर. अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या विद्यापीठात बसलेला संशोधक हे शब्द रोज उच्चारतो. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खायला जाणाऱ्या आपल्यापैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते, याची खरोखर हळहळ वाटते.

वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट हे सगळे उघडून दाखवतो. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी वर गेलेला दिसतो. एकेक पायरी म्हणजे लाव्हाचा एकेक पूर. कुठे काळाकभिन्न, टणक दगड, कुठे वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला आणि पांढऱ्या खनिजांनी भरलेला. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी विटकरी रंगाचा पट्टा लागतो. एक पूर थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्या काळात वरच्या भागाची झीज होऊन, राख पडून हा पट्टा तयार झाला. पुढच्या पुराने तो भाजून निघाला. वर पाचगणीच्या टेबललँडला पोचले की काळा दगड संपतो आणि जांभा लागतो. महाबळेश्वरवरून पुढे आंबेनळी घाटाने प्रतापगडाच्या पायथ्यावरून पोलादपूरला उतरावे. वाई उपगटाचे तीन थर मोटारीतून काही तासांत उलटे वाचून होतात.

हे थर डायनोसॉरांच्या दृष्टीने मोलाचे आहेत, आणि त्याचे कारण थोडे चटका लावणारे आहे. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पक्षी वगळता सारे डायनोसॉर नाहीसे झाले. मेक्सिकोतल्या चिक्शुलुब इथे आदळलेली अशनी हे त्याचे मुख्य कारण मानले जाते, तर दख्खनच्या ज्वालामुखींनीही हातभार लावला असे मानणारा मोठा वर्ग आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन गटांनी दख्खनच्या थरांची नवी वये मांडली. प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोन यांच्या गटाने लाल पट्ट्यांतल्या राखेतले झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक मोजले. कोर्टनी स्प्रेन आणि पॉल रेने यांच्या गटाने थेट लाव्हातल्या स्फटिकांची वये काढली. शोन यांच्या मते उद्रेकाचा एक मोठा झटका विनाशाच्या किंचित आधीचा आहे. स्प्रेन यांच्या हिशेबाने तीन-चतुर्थांशाच्या आसपास लाव्हा विनाशानंतर वाहिला. वाद अजून मिटलेला नाही. पण दोघांचेही आकडे एका बाबतीत जुळतात: महाबळेश्वरच्या माथ्यावरचा दगड वाहत आला तेव्हा डायनोसॉर आधीच संपलेले होते.

म्हणजे ऑर्थर सीटला किंवा केट्स पॉइंटला पर्यटक ज्या कातळावर उभा राहून फोटो काढतो, त्या कातळाने एकही डायनोसॉर पाहिलेला नाही.

मग या कातळाच्या खाली काय आहे? हा प्रश्न कल्पनेवर सोडावा लागत नाही, कारण कोयनेने तो सोडवला आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसर ६.३ तीव्रतेच्या भूकंपाने हादरला. धरणाच्या जलाशयाशी निगडित भूकंपांचे जगातले हे सर्वांत ठळक उदाहरण ठरले, आणि त्यानंतरही इथली जमीन सतत लहानमोठे हादरे देत राहिली. भूकंप जिथे जन्मतो तिथपर्यंत पोचावे म्हणून केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने या भागात खोल विवरे घेण्याचा कार्यक्रम हाती घेतला. त्याची प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाचीला आहे. कोयनानगरजवळच्या रासाटी गावात घेतलेले पहिले विवर दीड किलोमीटरहून खोल गेले, आणि त्यातून दगडाचे लांबच लांब दंडगोल बाहेर आले.

त्या दंडगोलांत सुमारे ९३० मीटरपर्यंत फक्त लाव्हाचे थर आहेत, एकावर एक. त्यानंतर एकदम ग्रॅनाइट आणि नाइस हा पाया लागतो, अडीचशे कोटी वर्षांहून जुना. दोहोंच्या मध्ये वाळू, चिखल, चुनखडी असे काहीच नाही. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर मराठवाड्यात विवर घेतले तेव्हा लाव्हाखाली थोडासा गाळाचा थर तरी मिळाला होता. कोयनेत तोही नाही.

डायनोसॉरचे हाड टिकायला नदीचा गाळ लागतो, तळ्याचा चिखल लागतो, कुएंकासारखा चुन्याचा साका लागतो. कॉन्कावेनेटर जिवंत होता तेव्हा साताऱ्याच्या जागी उघडा, झिजणारा जुना खडक असणार. त्याच्यावर त्या काळाचे एक पानही शिल्लक नाही. इथे डायनोसॉर वावरले नसतील असे यावरून म्हणता येत नाही. त्यांची नोंद ठेवणारी वहीच इथे उरली नाही, एवढेच म्हणता येते. कोयना खोऱ्यात हाडे शोधत फिरणाऱ्या हौशी मंडळींनी हे विवर आधी समजून घ्यावे.

तरीही सातारा-सांगलीचा प्रवास इथे थांबत नाही. पेपितोच्या पाठीचे कोडे सोडवायला लागणारी दुसरी किल्ली याच दोन जिल्ह्यांत आहे, आणि ती जिवंत आहे.

कराडवरून दक्षिणेला शिराळा, तिथून वारणेच्या काठाने वारणावती. हे चांदोलीचे दार. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. योगायोगाने ज्या वर्षी पेपितो जगापुढे आला तेच हे वर्ष. पावसाळ्यात उद्यान बंद असते. उघडे असते तेव्हा झोळंबीच्या सड्यावर संध्याकाळच्या उन्हात गव्यांचा कळप चरताना दिसण्याची चांगली शक्यता असते. सडा म्हणजे जांभ्याचे सपाट, उघडे पठार. झाडी नसल्याने जनावर पुरते दिसते. पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, कपाळावर फुगवटा, आणि पाठ. मोठ्या नराची उंची खांद्यापाशी पाच-सहा फूट भरते. खांद्यापासून निघालेली धार पाठीच्या मध्यापर्यंत ताठ जाते आणि तिथे एखाद्या कड्यासारखी तुटते.

ही धार चरबीची नाही. गव्याच्या छातीमागच्या मणक्यांचे काटे खूप लांब असतात आणि तेच ती उचलून धरतात. त्या काट्यांना मानेचा जाड, ताणलेला अस्थिबंध जोडलेला असतो, आणि एवढे जड डोके, एवढी जाड शिंगे दिवसभर पेलायला त्याचा आधार होतो. अमेरिकेतल्या बायसनच्या खांद्यावरचा डोंगरही असाच हाडांवर उभा असतो. गवा मेला तरी त्याची पाठ सांगाड्यात दिसत राहते.

पुसेगावचा बैल आणि चांदोलीचा गवा एकाच कुळातले, दोघांच्याही खांद्यावर उंचवटा. एकाचा मांसाचा, दुसऱ्याचा हाडाचा. हे दोन्ही पाहिलेल्या माणसाला डायनोसॉरच्या पाठीवरचा वाद चटकन कळतो. लांब काटे सापडले की त्यावर पातळ कातडीचे शीड होते असे चित्र काढायची पद्धत होती. १९९७ मध्ये जॅक बेली या अमेरिकी संशोधकाने बायसनसारख्या जनावरांच्या मणक्यांशी तुलना करून विचारले की ही शिडे कशावरून? लांब काट्यांचे काही डायनोसॉर बायसनसारखे जाड, मांसल पाठीचे नसतील कशावरून? सगळ्यांनी ते मान्य केले नाही, पण प्रश्न रास्त होता आणि आजही आहे.

याआधी झालेला एक घोटाळाही इथे सांगण्यासारखा आहे. इंग्लंडच्या ससेक्समध्ये एकोणिसाव्या शतकात उंच काट्यांचे तीन मणके सापडले. रिचर्ड ओवेन यांनी ते मेगॅलोसॉरस या मांसाहारी डायनोसॉरचे आणि खांद्याजवळचे मानले. १८५४ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस बागेत बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स यांनी ओवेन यांच्या सल्ल्याने डायनोसॉरांचे प्रचंड पुतळे उभारले. त्यातल्या मेगॅलोसॉरसच्या खांद्यावर वशिंड आहे आणि ते अजूनही बघता येते. पुढे ते मणके वेगळ्याच प्राण्याचे ठरले. त्याला आल्टिस्पायनॅक्स हे नाव मिळाले. आणि ते मणके खांद्याचे नव्हतेच, पाठीच्या मागच्या भागातले होते. सुटे मणके हातात असले की असे होते. पेपितोचे मोल यातच आहे: त्याची सगळी हाडे जागच्या जागी असल्याने उंचवटा कमरेशी होता याबद्दल शंका उरत नाही.

आणि इथेच गव्याची किल्ली थोडी अडते. गव्याला, बायसनला उंचवटा खांद्यावर लागतो, कारण तोलायचे ते डोके पुढे आहे. पेपितोचा उंचवटा डोक्यापासून शक्य तितका दूर, मागच्या पायांच्या वर आहे. डोके पेलायला त्याचा उपयोग नाही. मग तो कशासाठी? जोडीदारावर छाप पाडायला, प्रतिस्पर्ध्याला दबकवायला, आपल्या जातीची ओळख पटवायला, चरबी साठवायला, अंगातली उष्णता कमीजास्त करायला, असे अनेक तर्क मांडले गेले. लास होयासचा प्रदेश ओल्या आणि कोरड्या ऋतूंचा होता, म्हणून चरबीचा तर्क वरवर पटतो. पण आख्ख्या जगात या प्राण्याचा सांगाडा एकच आहे. नरालाच उंचवटा होता की मादीलाही, पिलांना होता की नाही, हे एका सांगाड्यावरून कळत नाही. दाखवण्यासाठीचा अवयव हा तर्क त्यातल्या त्यात जास्त पटण्यासारखा आहे, कारण दोनच मणक्यांवरच्या एवढ्याशा उंचवट्यात चरबी मावणार ती किती आणि उष्णता जाणार ती किती. त्याच्या कोपराजवळच्या हाडावर बारीक उंचवट्यांची एक ओळही आहे. पक्ष्यांच्या पिसांची मुळे जिथे रुततात तशाच त्या खुणा, असे काही जणांचे म्हणणे. स्नायूंच्या खुणा, असे काहींचे. त्याच्या पायाच्या तळव्यांचे आणि खवल्यांचे ठसेही दगडात उमटलेले आहेत, इतका तो गाळ बारीक होता.

गवा बघायला आता नेहमी चांदोलीलाच जावे लागते असेही नाही. तो उसाच्या शेतांतून पूर्वेकडे सरकू लागला आहे, आणि २०२१ च्या अखेरीस तर एक गवा सांगली शहरात थेट मार्केट यार्डापर्यंत आला होता. बघ्यांची गर्दी झाली, वनखात्याची दमछाक झाली. अशा वेळी मोबाइल घेऊन मागे धावणे धोक्याचे आहे, माणसाला आणि गव्यालाही.

पेपितो प्रत्यक्ष बघायचा तर कुएंकाच्या जीवाश्म संग्रहालयात जावे लागेल. पण मोठ्या मांसाहारी डायनोसॉरच्या खुणा मराठी मुलखातही आहेत. फक्त त्या लाव्हाच्या पूर्व कडेला, जिथे थरांच्या खाली आणि मध्ये तळ्यांचा गाळ टिकला तिथे आहेत. नागपूरजवळच्या टाकळीत सापडलेल्या एका दाताला रिचर्ड लायडेकर यांनी १८९० मध्ये नाव दिले. तो शाकाहारी प्राण्याचा समजला गेला, पुढे मांसाहारी डायनोसॉरचा निघाला. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडचे पिसदुरा तर जगप्रसिद्ध आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या काळापासून तिथे हाडे आणि दगड झालेले शेणाचे गोळे वेचले जात आहेत, आणि २००५ मध्ये त्या शेणात गवताचे सूक्ष्म कण सापडले. डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हते हा समज त्या दिवशी मोडला. त्याच जिल्ह्यातल्या डोंगरगावात आयसिसॉरस हा लांब मानेचा प्रचंड शाकाहारी मिळाला. आपल्याकडचा सर्वांत नावाजलेला शिकारी राजासॉरस मात्र गुजरातमधल्या राहिओलीचा. त्याची हाडे १९८० च्या दशकात गोळा झाली, नाव २००३ मध्ये मिळाले. त्याच्या पाठीवर वशिंड नाही, डोक्यावर आखूड शिंग आहे. बालासिनोरजवळ राहिओलीला २०१९ मध्ये डायनोसॉर संग्रहालय उघडले. शाळेची सहल न्यायला ती जागा उत्तम आहे.

सातारा-सांगलीच्या शाळांना मात्र एवढ्या लांब जायची गरज नाही. पसरणी आणि आंबेनळी घाटांत, गाडी सुरक्षित थांबवता येईल अशा ठिकाणी, विटकरी पट्ट्याशेजारी मराठीतला एक स्वच्छ फलक हवा: हा कुठला थर, तो केव्हा वाहिला, त्या आधी पृथ्वीवर कोण होते. वारणावतीला गव्याच्या मणक्याशेजारी खिलारचा मणका आणि पेपितोच्या सांगाड्याचे चित्र मांडायला एक कपाट पुरेल. सार्वजनिक बांधकाम खाते, वनखाते आणि जिल्हा परिषदा यांनी मनावर घेतले तर येत्या सहलींच्या मोसमाआधी हे काम होऊ शकते.